हातात किती येतात, असं विचारणारे भोईर सर

भोईर सरांना लग्नाला बोलवायला लोक कचरायचे. सर भांडखोर नव्हते, पीत नव्हते, पंगतीत बसून स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हते. पण नवरामुलगा स्टेजवरून खाली उतरला की ते त्याचा हात हातात घ्यायचे आणि अगदी आपुलकीनं विचारायचे, "नोकरी कुठं? बरं, बरं. हातात किती येतात?"

पगार विचारणं आमच्याकडे कुणी वाईट समजत नाही. कर्जत-खालापुरात चहाच्या टपरीवर अनोळखी माणूससुद्धा दुसऱ्या वाक्याला पगार विचारतो आणि सांगणारा सांगतोही. फक्त तो खरा सांगत नाही, आणि विचारणाराही खरा धरत नाही. लग्नाच्या बोलणीत तर पगार वाढवूनच सांगायचा असतो. मुलीकडचे मनातल्या मनात थोडा कापून घेतात, आणि दोन्हीकडची अब्रू राहते. सरांचा प्रश्न हा सगळा समजूतदारपणा मोडून टाकायचा. 'पगार किती' असं ते विचारतच नसत. पीएफ, कँटीन, कंपनीच्या बसचं भाडं, नोकरी लावणाऱ्या ठेकेदाराचा वाटा, हे सगळं जाऊन उरतं ते विचारायचे. 'हातात' म्हणताना ते स्वतःचा पंजा उघडून पुढे धरायचे. त्या उघड्या पंजासमोर खोटं बोलणं माणसाला जड जायचं.

मला ते बातमीलेखन शिकवायला होते. खालापूरच्या बाजूला हायवेपासून थोडं आत एक खाजगी कॉलेज आहे. तिथे मास कॉमची तीन वर्षांची पदवी मिळते. इमारत मुळात रिसॉर्टसाठी बांधलेली. मालकाचं काही बिनसलं आणि रिसॉर्टचं कॉलेज झालं. मधोमध एक कोरडा स्विमिंग पूल होता. त्याच्या निळ्या फरशीवर खुर्च्या मांडून आमच्या कार्यशाळा व्हायच्या. मुंबईहून आलेले पाहुणे त्या पुलात उभं राहून आम्हाला 'मोठी स्वप्नं बघा' म्हणून सांगायचे आणि मानधनाचं पाकीट घेऊन शिडीनं वर यायचे.

सर पाहुण्यांच्या भाषणाला कधी टाळ्या वाजवत नसत. उंच, खांद्यात जरा वाकलेले, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांच्या शर्टाची मनगटाशी बटणं लावलेले. वर्गात ते मागच्या बाकावर बसायचे आणि बोलायला पोरांना फळ्यापुढे उभं करायचे. 'उज्ज्वल' हा शब्द वर्गात बंद होता. कुणी लिहिलाच तर ते कागद परत करून म्हणायचे, "माहिती कमी पडली की माणूस विशेषण वापरतो. जा, माहिती आण." आणि त्यांचं ते नेहमीचं: "कोण, काय, कुठे, कधी, का, कसं, हे सहा प्रश्न तुमच्या पुस्तकात आहेत. सातवा पुस्तकात नाही. किती?"

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे उशाला असायचे. बाबा कामगारांच्या युनियनमध्ये होते, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' यावरच. त्यामुळे या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून लळा लागला. हा आपल्यातला, असं मला वाटलं. सर कुणाच्याच 'आपल्यातले' नव्हते, हे पुढे हळूहळू कळलं.

दर मे महिन्यात कॉलेजचा मोठा फ्लेक्स चौकात लागायचा. कोट-टाय घातलेली चार मुलं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं वार्षिक पॅकेज. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी गृहपाठ दिला: फ्लेक्सवरची माणसं शोधा आणि त्यांची बातमी लिहा. आम्हाला एक सापडला. खोपोलीत मोबाइलच्या दुकानात तो काउंटरवर उभा होता, स्क्रीनगार्ड लावत. आम्हाला बघून तो लाजला, मग हसला. म्हणाला, "कोट पण त्यांनीच दिलेला. फोटो काढून झाल्यावर परत घेतला." आम्ही ते जसंच्या तसं लिहिलं आणि भिंतीवरच्या अंकात लावलं. दुपारपर्यंत अंक उतरला होता आणि सर प्राचार्यांच्या खोलीत होते.

बाहेर आल्यावर आम्ही घोळका केला. "सर, काय झालं?"

"विचारलं, हे कुणाचं काम. मी म्हटलं, बातमी मुलांनी आणली, मी फक्त शुद्धलेखन तपासलं." आणि मग गंभीरपणे, "'स्क्रीनगार्ड' कुणी दोनदा चुकवलंय?"

त्यांना तेव्हा काढलं नाही, याला कारण होतं. जूनमध्ये जागा भरायच्या असायच्या, आणि आसपासच्या गावांतले लोक कॉलेजवर नव्हे, सरांवर विश्वास ठेवायचे. कळंबच्या भोईरांचा पोरगा, आपला मास्तर. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची असायची. बारावा महिना बिनपगारी, आणि जूनमध्ये किती मुलं आली ते बघून नवा कागद. म्हणजे ज्या माणसानं खरं सांगायचं, त्याचंच पोट मुलं आणण्यावर टांगलेलं. ही व्यवस्था ज्यानं शोधून काढली त्याला मी आजही भर चौकात उभं करून प्रश्न विचारायला तयार आहे.

सरांनी यातून स्वतःची एक रीत काढली होती. कुठल्याही घरी प्रवेशासाठी गेले की आधी ते फी सांगायचे. मग कर्ज घेतलं तर हप्ता किती बसेल ते. "शिकत असताना हप्ता नाय, म्हणून व्याज नाय असं नाय हां. व्याज पहिल्या दिवसापासून चालू." मग ते फोन ओट्यावर ठेवायचे आणि स्पीकर लावून आपल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करायचे. आईबापांच्या देखत विचारायचे, "बाबा रे, तू हेच शिकलास. हातात किती येतात?" पलीकडून आकडा यायचा. तो कधी बारा हजार असायचा, कधी पंधरा, क्वचित कुणाचा बरा. सर फोन ठेवून म्हणायचे, "आता तुमी ठरवा. शिकू नका असं मी म्हणत नाय. किंमत वाचून घ्या एवढंच."

गंमत अशी की हे ऐकूनही बरेच जण मुलं पाठवायचे. खरं बोलणाऱ्या माणसाचं कॉलेज चांगलंच असणार, असा हिशेब.

पहिली काही वर्षं जुनी मुलं फोन उचलायची. मग हळूहळू उचलेनाशी झाली. सरांचा नंबर दिसला की आपल्याला कुणाच्या तरी अंगणात उघडं पडायचंय, हे त्यांना कळायचं. घंटी वाजत राहायची, आणि सर समोरच्या आईबापांकडे बघून म्हणायचे, "कामात असेल." मग दुसऱ्याला लावायचे, मग तिसऱ्याला. ज्यांना लाज वाटायला हवी होती ते फ्लेक्स छापत होते, आणि ज्यांचा काही दोष नव्हता ती पोरं लाजेनं फोन उचलत नव्हती.

ज्या जूनबद्दल सांगायचंय, तेव्हा मी पदवी घेऊन बाहेर पडले होते. फीवाढीविरुद्ध एक पत्रक लिहीत होते आणि मला पगारांचे खरे आकडे हवे होते, म्हणून सरांच्या मागे मागे फिरत होते. त्या दिवशी आम्ही कळंबला बाळारामकाकांकडे गेलो. काका एका रिसॉर्टच्या भांडारात कामाला, घरची थोडी भातशेती, आणि घराला लागून रस्त्याकडेची थोडी मोकळी जागा. त्यांची मुलगी सोनाली बारावी झालेली. गावात शनिवार-रविवारी येणारे पाहुणे नदीकाठी काय घाण करून जातात, याचे तिनं फोनवर काढलेले व्हिडिओ सरांनी मला आधीच दाखवले होते. "बघ," ते म्हणाले होते, "एक विशेषण नाही वापरलं पोरीनं." इतकं कौतुक त्यांनी आमच्या वर्गात कुणाचं केलेलं मला आठवत नाही.

सोनालीला मास कॉमच करायचं होतं. फी सहा लाखांच्या घरात जात होती. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण रस्त्याकडेची जागा तारण मागत होती. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या.

ओट्यावर काका, काकू, काकांची बहीण आणि दारात टेकून सोनाली. सरांनी फी सांगितली, हप्ता सांगितला आणि फोन मध्ये ठेवला. निलेशला लावला. निलेश माझ्या पुढच्या वर्गातला, बाजूच्याच गावचा, नवी मुंबईत एका जाहिरात कंपनीत. त्यानं पंधरवड्यापूर्वीच सरांना फोन करून रडगाणं गायलं होतं: तेरा हजार, त्यातले पाच खोलीचे. सर मला ते सांगताना अस्वस्थ होते.

निलेशनं दुसऱ्या घंटीला फोन उचलला. सर खूश झाले. "निलेश, फोन स्पीकरवर हाय बरं का. कळंबला बसलोय, बाळारामच्या ओट्यावर. त्याच्या पोरीला मास कॉम करायचं हाय. सांग, हातात किती येतात?"



"अठ्ठावीस, सर."

"हातात?"

"हातात."

काकांची बहीण टाळी वाजवून हसली. "मी सांगत नव्हते? पोरगा हुशार हाय! आमच्या रेश्माला बघून गेलाय तो. परवा बोलणी हायेत."

रेश्मा म्हणजे तिची मुलगी. सरांना हे माहीत नव्हतं. निलेशला मात्र 'बाळारामच्या ओट्यावर' एवढं ऐकूनच कळलं होतं की आपलं होणारं सासर कान लावून बसलंय.

"मग काय सर!" काका उजळून म्हणाले. "अठ्ठावीस म्हंजे चांगलंच की. दोन-तीन वर्सांत फिटंल सगळं. तुमी उगा घाबरवत व्हतात."

  समोरचा चहा उचलून सर संथपणे प्यायले, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "येतो मग."

रस्त्यावर येईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. "सर, तो धडधडीत खोटं बोलला."

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्याचं लग्न मोडू?"

"आणि यांची जागा गेली तर?"

सर चालत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला खोटं बोलायला मीच फोन लावला ना."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते पुन्हा कळंबला गेले. मी बरोबर होते. ओट्यावर कालचीच माणसं होती, फक्त आज सरांनी फोन खिशातच ठेवला.

"बाळाराम, मला माझा पगार विचार."

"असं कसं विचारू, सर?"

"विचार रं."

काका संकोचून हसले. "बरं. किती?"

"हातात अठरा हजार. अकरा महिने. बाराव्याला काय नाय. त्यातले सात कर्जाला जातात. मी हेच शिकलो, पुण्याला, याच्यापेक्षा मोठ्या कॉलेजात. जामीन आई होती. आई गेली. कर्ज हाय." आणि त्यांनी नेहमीसारखा पंजा उघडून पुढे धरला. इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना परत कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. चाळिशीला आलेला हा माणूस एकटा का राहतो, बारा महिने तेच तीन शर्ट का घालतो, यावर आम्ही वर्गात हसलो होतो, विचार केला नव्हता.

 काकांची बहीण म्हणाली, "मग एवढं शिकून काय मिळवलंत, मास्तर?"

"त्येच तर बगतोय, ताई," सर म्हणाले.

दारातून सोनाली बोलली.  "सर, तुमचं जमलं नाही म्हणून माझं पण जमणार नाही, असं धरायचं का?"

"नाही. तसं नाही धरायचं. तुझं जमेलही. तुझ्यात ते आहे. पण नाही जमलं, तर जाणारी जागा तुझ्या बाबांची आहे."

"निलेशदादाचं जमलंच ना?"

मी सरांकडे बघितलं. त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याजवळ होतं. आयुष्यभर ज्या आकड्यासाठी त्यांनी माणसांना ओशाळं केलं, तो आकडा जिभेवर होता. त्यांनी तो दिला नाही.

"हो," ते म्हणाले. "त्याचं जमलं."

सोनाली आत गेली. सोमवारी काका बँकेत गेले नाहीत.

कॉलेजात हे पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. आपलाच प्राध्यापक घराघरांत जाऊन हीच पदवी घेऊन स्वतःला काय मिळालं ते सांगतो म्हटल्यावर त्यांना नवा कागद मिळायचा प्रश्नच नव्हता. मी पेटले होते. रात्रभर बसून पत्रक लिहिलं आणि सकाळी पळसदरीला सरांच्या खोलीवर घेऊन गेले. स्टेशनच्या मागच्या बाजूला त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. सरांनी पत्रक वाचलं, पेन काढलं आणि 'लुटारू', 'नराधम', 'निर्लज्ज' असं एकेक खोडत गेले. मग एका ओळीवर थांबले.

"निलेशचा आकडा काढ."

"नाव कुठं घातलंय? 'एक माजी विद्यार्थी' लिहिलंय."

"कळंबात आकड्यावरून नाव कळतं गं."

"सर, तो आकडा काढला तर पत्रकात उरतं काय? तुम्हीच शिकवलंत ना, किती हे विचारायचं?"

"विचारायचं," ते म्हणाले. "माझा घाल. माझा हवा तेवढा घाल."

मी त्यांचाच आकडा घातला. पत्रकं वाटली. कॉलेज जसं होतं तसंच चालू राहिलं. निलेशचं लग्न झालं. मला पत्रिका आली, सरांना आली नाही. त्यांना लग्नाला बोलवायला लोक पूर्वी कचरायचे ते त्यांच्या प्रश्नामुळे. आता सगळ्यांना त्यांचाच आकडा माहीत होता, आणि कळंबात त्यांना मास्तर म्हणतानाही लोकांचा आवाज बदलला होता. सोनालीनं कर्जतला साध्या बी.ए.ला नाव घातलं आणि शनिवार-रविवार एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात काम धरलं. रस्त्यात दिसले तर ती सरांच्या अंगावरून सरळ निघून जायची.

मी अधूनमधून पळसदरीला जायची. सर कर्जतला एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवू लागले होते. रविवारी त्यांना सुट्टी असायची, आणि रविवार त्यांना जात नसे. पळसदरीच्या धरणावर जाणारे मुंबईचे पाहुणे रस्ता विचारायचे, तर सर हातानं दाखवायचे नाहीत. चप्पल घालून त्यांच्याबरोबर थेट पाण्यापर्यंत चालत जायचे, वाटेत झाडांची नावं सांगत. पाहुण्यांना वाटायचं हा गाइड आहे, शेवटी पैसे मागेल. ते घाईघाईनं 'थँक यू काका' म्हणून पुढे सटकायचे. सर तिथून एकटेच परत यायचे.

एकदा मी गेले तेव्हा ते फोन लावून बसले होते. घंटी वाजून वाजून बंद झाली. त्यांनी दुसरा नंबर लावला. तोही तसाच. सगळे जुने विद्यार्थी.

"कुणाच्या ॲडमिशनसाठी?" मी विचारलं.

"नाही गं. आता कुठली ॲडमिशन? सहज. जेवलास का, विचारायला." फोन त्यांनी गादीवर पालथा ठेवला. "मी पगार विचारायचं सोडलंय, हे त्यांना कसं कळणार?"

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मार्चमध्ये. एका कामासाठी मी कर्जतहून कळंबला निघाले होते. सहा सीटर रिक्षात बसले तर समोर सोनाली, रिसॉर्टचा निळा गणवेश, मांडीवर बॅग. आम्ही जुजबी बोललो. रिक्षा गावाबाहेर पडल्यावर ती एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? रेश्माताई माहेरी आलीये. तिनं सांगितलं. निलेशदादाला तेव्हा तेराच होते."

ती माझ्याकडे वळली.

"सरांना माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी? मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

ती बाहेर बघत राहिली. वणव्यानं काळे झालेले डोंगर सरकत होते. पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं वेग कमी केला. पळसाच्या झाडाखाली भोईर सर उभे होते, हातात कापडी पिशवी. गावचं घर अधूनमधून उघडून झाडून यायला ते कळंबला जात असत.

"चला सर, एक सीट हाय!" ड्रायव्हर ओरडला.

सर पुढे आले. एक पाय त्यांनी उचललाही. सोनाली पटकन कडेला सरकली, अंग चोरून, बॅग छातीशी धरून. सरांनी आत पाहिलं. मला पाहिलं, मग तिला. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसायचं कारण नव्हतं. पाय त्यांनी परत खाली घेतला.

"तू जा रं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "मी मागच्यानं येतो."

"मागची तासाभरानं हाय, सर!"

"असू दे. मला घाई नाय."

ड्रायव्हरनं खांदे उडवून गिअर टाकला. मी हाक मारायच्या आत रिक्षा वळणावर गेली होती. सोनालीच्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली होती. कळंब येईपर्यंत ती तशीच सरकून बसली होती.